जोनची सही

मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चार्ली चॅप्लिन येतो. तुरुतुरु चालणारा, धपकन पडणारा. माझ्याही आला होता. म्हणून ओरल्सच्या आदल्या रात्री जरा टाइमपास करावा म्हणून ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ लावला आणि फसले. यात हसण्यासारखं काहीच नाही. पण मधे उठताही येईना.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे जोन ओळखीची होती. फ्रान्समधली शेतकऱ्याची पोर, संतांचे आवाज ऐकणारी, पुरुषी वेषात इंग्रजांशी लढणारी. १४३१ साली रुआँ शहरात धर्मपीठाने तिच्यावर खटला चालवला आणि तिला जिवंत जाळलं. वय साधारण १९. पुढे १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि १९२० मध्ये त्याच चर्चने तिला संतपद दिलं.

कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने १९२८ मध्ये केलेल्या या चित्रपटात लढाई नाही. आहे तो फक्त खटला, तोही मूळ नोंदींवर बेतलेला. न्यायाधीश विचारतात, तुझ्यावर देवाची कृपा आहे का? हो म्हटलं तर गर्व, नाही म्हटलं तर गुन्ह्याची कबुली. जोन म्हणते, नसेल तर देव ती देवो, असेल तर तशीच ठेवो. एक्स्टर्नलने असा प्रश्न टाकला तर आपली दांडी गुल!

आता थोडं टेक्निकल. त्याआधीच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग ‘दिसत’ नसे. त्वचा काळपट, डागाळलेली यायची, म्हणून नट जाड मेकअप थापायचे. ड्रायरने सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरली आणि मेकअप काढूनच टाकला. त्यामुळे न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरचे चामखीळ, सुरकुत्या आणि जोन झालेल्या फाल्कोनेटीचे सुकलेले ओठ सगळं स्पष्ट दिसतं. न्यायाधीश खालून दिसावेत म्हणून जमिनीत खड्डे खणून कॅमेरा लावला होता. पडद्यावर बहुतेक वेळ चेहरेच. संवाद ऐकू येत नाहीत, पण कोण ओरडतंय आणि कोण गप्प आहे ते बरोब्बर कळतं.

चित्रपटाचं नशीबही जोनसारखंच. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. तिच्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते. १९२८ मध्येच बर्लिनमधल्या आगीत मूळ निगेटिव्ह खाक झाली. ड्रायरने उरलेल्या टेक्समधून दुसरी आवृत्ती जुळवली, पुढच्या वर्षी तीही आगीत गेली. मग कितीतरी वर्षं लोक तुकड्यातुकड्यांच्या कॉपी बघत राहिले. १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात काही डबे सापडले. आत मूळ आवृत्तीची प्रत! ड्रायर मात्र १९६८ मध्येच गेला होता. त्याला हे कधी कळलंच नाही.

पण मला झोप लागली नाही ती सहीच्या प्रसंगामुळे. थकलेल्या, आजारी जोनपुढे कागद धरतात. सही कर, जीव वाचेल. ती करते. मग तिचे केस भादरले जातात आणि तेव्हा तिला कळतं आपण काय केलं. ती न्यायाधीशांना परत बोलावते आणि सही मागे घेते. पुढे काय होणार हे तिला पक्कं माहीत असतं.

फर्स्ट इयरला आमच्या रूममध्ये हीटर सापडला होता. माझा नव्हता. कुणाचा ते माहीत होतं, पण सांगायचं नव्हतं. “सही कर, विषय संपेल,” असं सगळ्याच म्हणाल्या आणि मी माफीनाम्यावर सही केली. विषय खरंच संपला. मेसमध्ये त्यावर जोकही झाले, मीही हसले. हीटर आणि चिता यांची तुलना करण्याइतकी मी वेडी नाही. पण “चूक माझी आहे” हे खोटं वाक्य मी माझ्या अक्षरात लिहिलं, आणि ते मागे घ्यायला जावं असं मला दोन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. त्या रात्री वाटलं.

ओरल्स बऱ्या गेल्या. तुम्हीही हा चित्रपट बघा, सेकंदाला २० फ्रेमने चालवला तर साधारण ९७ मिनिटांचा आहे. दिवे घालवा, मोबाइल लांब ठेवा. आणि रूममध्ये कुणी “यात आवाज का नाही?” असं विचारलं तर जरा थांबा म्हणावं, येईल ऐकू.