विमान अडीच हजारांचे, मग बाकीचे पैसे जातात कुठे?

रिमोटवर उडणारे विमान शिकायला किती खर्च येतो, या प्रश्नाला पुण्यात दोन ठाम उत्तरे मिळतात. पहिले, हा लाखांचा शौक आहे, आपल्या घरात परवडणार नाही. दुसरे, ऑनलाइन दोन हजारांत विमान मिळते, घरी आले की उडवायला सुरुवात करायची. पहिल्या उत्तरामुळे अनेक मुले या छंदाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. दुसऱ्यामुळे अनेक जण आठवडाभरात तो सोडून देतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्हींची चूक एकाच जागी आहे: दोघेही विमानाची किंमत विचारतात, शिकण्याची विचारत नाहीत.

लाखांचा आकडा येतो तो जाहीर प्रात्यक्षिकांतून. सदानंद काळे यांच्यासारख्या पुण्यातल्या एरोमॉडेलरांनी अशी कितीतरी प्रात्यक्षिके केली आहेत, आणि त्यांनी शाळकरी मुलांच्या मनात या विषयाची ओढ लावली, हे मोठेच काम आहे. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहते ते सगळ्यात मोठे, सगळ्यात जास्त आवाज करणारे विमान. खऱ्या टर्बाइनवर चालणारे मॉडेल जेट घ्यायचे तर खर्च लाखांतच जातो, हे खरे आहे. मेथॅनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालणारे इंजिन आणि बाल्सा लाकडाचे विमान हा त्याच्या खालचा टप्पा. तिथेही इंजिन, इंधन, स्टार्टर आणि दुरुस्ती धरली की पंचवीस-तीस हजार सहज जातात. पूर्वी शिकण्याची सुरुवातच या टप्प्यापासून होत असे, म्हणून जुन्या मंडळींच्या तोंडून अजून तेच आकडे ऐकू येतात. दरम्यान ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर (लायपो) बॅटरी स्वस्त झाली आणि नवशिक्याचे सगळे गणित बदलले.

ते गणित आजच्या भावाने मांडून पाहू. भाव दुकानागणिक थोडेफार हलतात, पण प्रमाण तेच राहते. ए२२१२ या नावाने सर्वत्र मिळणारी १००० केव्हीची मोटर ४०० ते ६०० रुपयांना पडते. मोटरचा वेग नियंत्रित करणारा ३० अँपिअरचा ईएससी ४०० ते ५००, पंखावरच्या आणि शेपटीवरच्या पट्ट्या हलवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो मिळून ५०० च्या आसपास, प्रॉपेलर आणि त्याचे अडॅप्टर २०० ते ३००. फोम शीट, हॉट ग्लू, तारा, टेप यांना ५०० ते ८००. म्हणजे विमान दोन हजार ते पावणेतीन हजारांत उभे राहते. मोटर, सर्व्हो, ईएससी तपकीर गल्लीत विचारून पाहावेत किंवा पुण्यातल्याच मॅकफॉस कंपनीच्या रोबूसारख्या संकेतस्थळावरून मागवावेत. शीट, कटर आणि टेपसाठी अप्पा बळवंत चौक आहेच.

आता विमानाबाहेरचा खर्च. फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा सहा चॅनेलचा ट्रान्समीटर रिसीव्हरसह पाच ते सहा हजार. तीन सेलची, २२०० एमएएचची लायपो बॅटरी दीड ते दोन हजार. बॅलन्स चार्जर साधा घेतला तर चारशे-पाचशे, चांगला घेतला तर दोन-अडीच हजार. हे मिळून सात ते साडेदहा हजार. दोन्ही बाजूंची बेरीज केली की एकूण खर्च नऊ ते साडेतेरा हजारांच्या दरम्यान येतो, आणि त्यातला विमानाचा वाटा जेमतेम पाचवा.

हे प्रमाण समजले की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. विमान पडणार आहे. पहिल्या महिन्यात ते अनेकदा पडेल. पण पडल्यावर तुटतो तो फोम आणि प्रॉपेलर. नवी बॉडी कापायला तीनशे ते पाचशे रुपयांची शीट आणि एक संध्याकाळ लागते. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर बहुधा धडधाकट निघतात आणि नव्या बॉडीत बसतात. ट्रान्समीटर तर तुमच्या हातातच असतो. तो पुढच्या कित्येक विमानांना पुरतो. म्हणून काटकसर करायचीच तर विमानात करावी, रेडिओत, म्हणजे ट्रान्समीटरमध्ये, करू नये. मी पाहतो तेव्हा लोक नेमके उलटे करतात: दिसायला देखणे, रंगवलेले तयार विमान घेतात आणि रेडिओ सगळ्यात स्वस्त शोधतात.

दोन हजारांच्या ऑनलाइन विमानाबद्दल स्पष्टच सांगायला हवे. त्यांतल्या बहुतेकांत दोन छोट्या मोटरी असतात आणि त्यांचा वेग कमी-जास्त करून विमान वळवले जाते. एलिव्हेटर हलत नाही, म्हणजे नाक वर-खाली करणे तुमच्या हातात नसते. वारा नसलेल्या पहाटे ते मोकळ्या मैदानावर छान तरंगते, लहान मुलाला त्याचा आनंदही होतो. पण त्यावर विमान उडवणे शिकता येत नाही, आणि जरा वारा सुटला की ते शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर जाते. खेळणे म्हणून जरूर घ्या. सुरुवात म्हणून घेतले तर ते पैसे वाया गेले.

'लहान विमान सोपे, मोठे अवघड' ही समजूत फार खोल रुजलेली आहे, आणि खिशाला तीच सगळ्यात महाग पडते. विमान सोपे आहे की अवघड हे ठरते पंखाच्या क्षेत्रफळावर पडणाऱ्या वजनावरून. सव्वा मीटरच्या जवळपास, म्हणजे १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होते. वजन ८०० ग्रॅम असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ३३ ग्रॅम भार येतो. तेच विमान ६० सेंटिमीटरचे केले, पंख १२ सेंटिमीटर रुंद ठेवला, तर क्षेत्रफळ उरते जेमतेम सात; पण मोटर, बॅटरी, सर्व्होंचे वजन त्या प्रमाणात घटत नाही. ३०० ग्रॅमचे ते पिल्लू चौरस डेसिमीटरला ४२ ग्रॅम घेऊन उडते, जास्त वेगाने उतरते आणि नवशिक्याला विचार करायला वेळच देत नाही. शिवाय शंभर मीटरवर गेले की त्याचे तोंड कुठे आहे हेही दिसत नाही.

वजनाचाच आणखी एक मुद्दा, खास आपल्याकडचा. फ्लाइट टेस्ट या अमेरिकी गटाने आपल्या कितीतरी फोमबोर्ड विमानांचे आराखडे फुकट उपलब्ध केले आहेत, आणि ते खरोखर उत्तम आहेत. मात्र ते तिकडच्या हलक्या, कागद चिकटवलेल्या फोमबोर्डसाठी बेतलेले असतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड किंवा फोमबोर्ड पुष्कळदा त्याहून बराच जड असतो. आराखडा तोच, मापे तीच, तरी विमान शे-दोनशे ग्रॅमने जड होते आणि हातातून सोडताच नाक खाली टाकते. मग दोष मोटरला दिला जातो आणि आणखी मोठी मोटर विकत आणली जाते. घेण्याआधी शीट तराजूवर ठेवून पाहावी. वजन विचारायला दुकानदाराचा संकोच करू नये.

खर्च वाचवणारी सगळ्यात परिणामकारक वस्तू विमानाच्या यादीत नसतेच. ती म्हणजे सिम्युलेटर. पिकासिम, सीआरआरसीसिम यांसारखे सिम्युलेटर फुकट मिळतात; ट्रान्समीटर संगणकाला जोडणारी केबल साधारण पाचशे रुपयांना. विमान तुमच्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते. काठी उजवीकडे नेली की विमान तुमच्या नजरेने डावीकडे झुकते. ही एक गोष्ट बोटांत मुरेपर्यंत जितकी विमाने पडायची तितकी पडद्यावर पडू द्यावीत. ड्रोन उडवता येते म्हणून विमान येईल असे मानणाऱ्यांनी तर हे आधी करावे. ड्रोनच्या काठ्या सोडल्या तर ते जायरोच्या आणि जीपीएसच्या आधाराने जागच्या जागी थांबते. साधे विमान थांबत नाही. थांबले की ते स्टॉल होऊन पडते.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा: आधी रेडिओ आणि केबल, मग महिनाभर सिम्युलेटर, आणि त्यानंतर मोटर-फोमचा विचार. मधल्या महिन्यात मन उडाले, तर तोटा फार तर निम्म्या किमतीला विकता येणाऱ्या रेडिओपुरता.

बॅटरी आणि चार्जर इथे मात्र कंजूषपणा नको. लायपोचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, ठेवून देताना ३.८ च्या आसपास असावा, आणि वापरात ३.५ च्या खाली नेला की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली किंवा भरून आठवडाभर कपाटात पडलेली बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, ती पेट घेऊ शकते. दुसरी बॅटरी लवकरच लागणार हेही धरून चालावे: २२०० एमएएचची बॅटरी सरासरी १२ अँपिअरने वापरली आणि वीस टक्के शिल्लक ठेवली, तर हवेतला वेळ मिळतो आठ-नऊ मिनिटांचा.

आता परवान्याचा प्रश्न, कारण याबद्दलचे आकडे ऐकून पालक सगळ्यात जास्त घाबरतात. ड्रोन पायलटच्या प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला हजारो रुपये लागतात, हे बरोबर आहे. तो अभ्यासक्रम व्यावसायिक कामासाठी आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो गटाला, आणि दोन किलोपर्यंतच्या मायक्रो गटाला व्यावसायिक वापर नसेल तर, रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला त्याच नियमांत वेगळा वर्ग दिला आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची गरज नाही. नोंदणी करून ओळख क्रमांक मात्र घ्यावा लागतो; तिचे शुल्क १०० रुपये. नॅनोपेक्षा जड विमानाला तृतीय पक्ष विम्याची तरतूदही आहे, ती यादीत धरावी. रेडिओसाठी वायरलेसचा परवाना काढावा लागतो ही जुन्या काळची आठवण, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. परदेशातून काही मागवताना मात्र सांभाळून. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग आणता येतात, आणि रेडिओ असलेली तयार विमाने कस्टममध्ये अडकण्याचा धोका असतो. नवशिक्याला देशातच सगळे मिळते, त्यामुळे या वाटेला जाण्याचे कारणही नाही.

पुण्यात पैशापेक्षा अवघड आहे ती जागा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर विमानतळाच्या लगतचा भाग लाल, त्यानंतर आठ किलोमीटरपर्यंत पिवळा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी; आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. विमाननगर, खराडी, कल्याणीनगरच्या मुलांनी घराजवळच्या मैदानाचा विचार सोडावा हे बरे. पण कोथरूडला हायसे वाटायला नको: खडकवासल्याला एनडीए आहे, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, खडकीला दारूगोळा कारखाने आहेत, कॅम्पात लष्कराचे दक्षिण मुख्यालय आहे. त्यात पोलीस आयुक्तालयाकडून सुरक्षेच्या कारणांनी वेळोवेळी हवाई साधनांवर मनाई आदेशही निघतात. नकाशा आणि चालू आदेश दोन्ही त्या दिवशी सकाळी पाहावेत, आणि रिकामे, माणसे-गुरे-वीजतारा नसलेले रान शहराबाहेर शोधावे, जमिनीच्या मालकाला विचारून.

म्हणून पुणेकराच्या हिशेबात पेट्रोलचा खर्च मोटरपेक्षा मोठा निघू शकतो. चौघांनी मिळून एका गाडीने जावे. त्यात अनुभवी माणूस असेल तर आणखी उत्तम: दोन ट्रान्समीटर ट्रेनर केबलने जोडले की विमान भरकटताच तो ताबा आपल्याकडे घेतो, आणि तुमची बॉडी वाचते. जायचे ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, ऊन चढायच्या आत. पावसाळ्याआधीच्या आणि पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात शिकाऊ विमान पुढे जाण्याऐवजी मागे सरकते.

ज्या घरात दहा हजारही काढणे शक्य नाही, त्या घरातल्या मुलामुलींनी आपल्या शाळा-महाविद्यालयात एनसीसीची हवाई शाखा आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. एरोमॉडेलिंग तिच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात, आणि तिथे विमान, रेडिओ आणि शिकवणारा माणूस, तिन्ही कॅडेटला विकत घ्यावे लागत नाहीत. अभियांत्रिकीला गेलेल्यांसाठी एसएई इंडियाच्या एरो डिझाइन स्पर्धेचे संघ आहेत. सामान संघाचे असते, आणि विमान का पडले याचा हिशेब कागदावर मांडायची सवय तिथे लागते. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे संघ सहसा फोम कापायला आणि सर्व्होच्या तारा जोडायला घेतात. ते काम नाकारू नये. एकदा ते हातात बसले की स्वतःच्या विमानाचे दोन हजार रुपये कुठे खर्च करायचे, हे विचारायला कोणाकडे जावे लागत नाही.