नवें शहर व जुना सातबारा

नाशिक-पुण्याकडील कांदा-भाजीपाला विकण्याच्या निमित्तानें आमच्या पुष्कळ वाचकांनीं वाशीचा बाजार पाहिलेला आहे. मालमोटारींच्या त्या गर्दींत उभें असतां, ही जमीन पूर्वीं कोणाची होती, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या शिवारांत नवी मुंबई उभी राहिली आहे. खाडीस बांध घालून राखलेलीं भातखाचरें, मिठागरें व मासेमारी यांवर तेथील आगरी-कोळी कुटुंबें पोट भरीत असत. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, ३४४ चौरस किलोमीटरांचें शहर आंखलें गेलें आणि १८९४ च्या कायद्यान्वयें जमिनी गेल्या. मोबदला अपुरा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं चळवळ झाली. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जणांचा बळी गेला. त्या लढ्याचें फळ म्हणून पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

तिचा हिशेब एकदां मांडून पाहावा. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के १० गुंठे. त्यांतून सार्वजनिक सोयींसाठीं तीन गुंठे वजा होऊन हातीं सात गुंठे येतात. चार भाऊ असल्यास प्रत्येकीं पावणेदोन गुंठे! तरीही शहरांतील या पावणेदोन गुंठ्यांची किंमत मोठी. आणि म्हणूनच भाऊबंदकी तेथें पेटते.

आमचें आयुष्य फेरफार लिहिण्यांत गेलें. आजोबा वारून तीस वर्षें झालीं तरी सातबाऱ्यावर त्यांचेंच नांव, असे उतारे आम्हीं शेकड्यांनीं पाहिले. संपादनाची नोटीस उताऱ्यावरील नांवानें निघते. मृताच्या नांवची नोटीस घेणार कोण? मग वारसांत तंटा लागून रक्कम न्यायालयांत पडून राहते. बहिणींचीं नांवें गाळून केलेली नोंद तर हटकून उखडते, कारण २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. घरांचेंही तसेंच. गांवठाण अपुरें पडल्यामुळें मुलांनीं शेतांत घरें बांधलीं. जमीन संपादन झाल्यावर तीं अनधिकृत ठरलीं आणि तो वाद वर्षानुवर्षें चालला.

१ जानेवारी २०१४ पासूनच्या नव्या कायद्यानें मोबदला पुष्कळ वाढला आहे, हें खरें. परंतु शहर आतां पनवेलपलीकडे सरकत आहे, आणि पुणें, नाशिक, नागपूर यांच्या वेशीवरही तेंच चाललें आहे. तेव्हां ज्यांच्या शिवारांत आखणीचे दगड अद्याप पडले नाहींत, त्यांनीं वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे द्यावी व पोंच घ्यावी. घर व विहीर यांची नोंद करून घ्यावी. हद्दीविषयीं शंका असल्यास मोजणी मागावी; आणि फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा उतारा घरीं आणून सर्व भावाबहिणींसमक्ष मोठ्यानें वाचावा.