उरलेली दहा मिनिटे

२३ एप्रिल २०२२चा शनिवार. ओल्डहॅमच्या बाउंड्री पार्क मैदानाबाहेर आम्ही काही जण संध्याकाळी फुटपाथवर उभे होतो आणि आत आमच्याच टीमचा सामना चालू होता. आत प्रेक्षक एकही नाही. तासाभरापूर्वी आम्ही सगळे आतच होतो. समोर सॅल्फर्ड सिटी, आम्ही २-१ने मागे, शेवटची दहा-बारा मिनिटे शिल्लक. हरलो तर लीगमधून बाहेर. मग चॅडी एन्ड नावाच्या स्टँडच्या बाजूने पोरे कठडा ओलांडून मैदानात उतरली, त्यांच्यामागे बापे उतरले, त्यांच्यामागे बायका. मधल्या वर्तुळात शेकडो माणसे जमली आणि त्यांनी मालकाला ‘चालते व्हा’ म्हणून सांगणारा फलक धरला. सामना रद्द झाल्याचे ध्वनिक्षेपकावर जाहीर झाले, लोक घरी निघाले. त्यानंतर लीगने उरलेला खेळ पुरा करून घेतला, रिकाम्या मैदानात. निकाल तोच राहिला. ओल्डहॅम १, सॅल्फर्ड २.

एकेकाळी प्रीमियर लीग खेळलेला क्लब इंग्लंडच्या व्यावसायिक लीगच्या चारही पायऱ्या उतरून बाहेर पडला, असे त्यापूर्वी घडले नव्हते. ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक १९०७ साली लीगमध्ये आला होता. एकशे पंधरा वर्षांचा मुक्काम अशा दहा-बारा मिनिटांत आवरला, आणि ती मिनिटे पाहायला घरचे कुणी नव्हते.

मी मूळचा परळचा. माझे वडील गिरणीत त्रासन खात्यात होते. सूत कातणाऱ्या साच्यांवर ओतीव अक्षरांत ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ असे लिहिलेले असायचे, एवढेच त्यांना ओल्डहॅमबद्दल ठाऊक. गाव आहे की कंपनीच्या मालकाचे आडनाव, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. मुंबईच्या गिरण्यांत या कंपनीची यंत्रे ढिगाने आली होती. २०१२ साली नोकरीसाठी मँचेस्टरजवळ आलो आणि ट्रामवर ‘ओल्डहॅम’ अशी पाटी दिसली, तेव्हा मी रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, ते खरंच आहे होय!”

मँचेस्टरपासून अकराएक किलोमीटर, पेनाइन डोंगरांच्या पायथ्याचे हे गाव. सुताच्या धंद्यात एकेकाळी जगात याच्याइतक्या चात्या दुसऱ्या कुठल्या गावात फिरत नव्हत्या. कातणे थांबले ते गेल्या शतकाच्या अखेरीस. चिमण्या पाडल्या, इमारतींत गोदामे आली, कुठे सुपरमार्केट. हे सगळे मला, लालबाग-परळच्या माणसाला, कुणी समजावून सांगावे लागले नाही. गिरण्या गेल्यावर गावाकडे गावाचे म्हणून जे थोडेफार उरले, त्यात हा क्लब. लोक त्याला ‘लॅटिक्स’ म्हणतात.

मँचेस्टरला राहणाऱ्या माणसाने या क्लबच्या मागे का लागावे, हा प्रश्न ऑफिसातले मराठी मित्र मला अजून विचारतात. दोन जगप्रसिद्ध क्लब दाराशी, तिथे जिंकण्याची सवय, टीव्हीवर रोज चर्चा. पण तिथले तिकीट मिळवायचे म्हणजे वशिला हवा किंवा पैसा. इथे पहिल्या शनिवारी मी दहा मिनिटे आधी गेलो, तिकीट काढले आणि बसलो. शेजारी एक निवृत्त बस-ड्रायव्हर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या पातळ जाकिटाकडे पाहिले आणि स्वतःजवळचा जादा मफलर काढून दिला. समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या वर असलेल्या या मैदानावर असा वारा सुटतो की जुने लोक त्याला ‘आइस स्टेशन झेब्रा’ म्हणतात. मफलर मी परत केला नाही, त्यांनी मागितला नाही. टीम त्या दिवशी हरली.

या आजोबांकडून मला सगळा जुना इतिहास कळला, तोही दर पराभवानंतर हप्त्याहप्त्याने. १९१५ साली एका गुणाने लीगचे विजेतेपद गेले, ते एव्हर्टनकडे. पुढे पंच्याहत्तर वर्षे फारसे काही नाही. मग जो रॉइल नावाच्या मॅनेजरच्या हाताखाली, आणि तेही बाउंड्री पार्कवर तेव्हा अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या गवतावर, १९८९-९०चा तो हंगाम. दुसऱ्या श्रेणीतल्या या टीमने लीग कपमध्ये आदल्या हंगामात लीग जिंकलेल्या आर्सेनलला ३-१ने हरवले, उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात वेस्ट हॅमवर सहा गोल चढवले आणि वेम्बलीला अंतिम सामना १-०ने घालवला. त्याच वर्षी एफ.ए. कपमध्ये मँचेस्टर युनायटेडशी ३-३ बरोबरी झाली आणि फेरसामना गेला. १९९१ला वरच्या श्रेणीत चढले, १९९२ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या बावीस क्लबांत ओल्डहॅम होते.

आजोबांचा आवडता भाग पुढचा. १९९३चा मे महिना, तीन सामने उरलेले, तिन्ही जिंकल्याशिवाय तरणोपाय नाही. अ‍ॅस्टन व्हिलाला त्यांच्या घरी १-०, लिव्हरपूलला ३-२, साउदॅम्प्टनला ४-३. शेवटच्या सामन्यात समोरच्या ल टिसिएने तीन गोल केले तरी आम्ही वाचलो आणि गोलफरकावर क्रिस्टल पॅलेस बुडाले. हे सांगताना ते चौथ्या गोलला अजूनही उभे राहतात. १९९४ची गोष्ट मात्र ते दोन वाक्यांत उरकतात. वेम्बलीवर एफ.ए. कपच्या उपान्त्य सामन्यात युनायटेडविरुद्ध जादा वेळेत आघाडी, अगदी शेवटच्या क्षणी मार्क ह्यूजचा बरोबरीचा गोल, फेरसामन्यात ४-१ने धुव्वा आणि त्याच हंगामात प्रीमियर लीगमधून खाली. त्यांच्या मते तो ह्यूजचा गोल अजून हवेतच आहे. १९९७ला तिसऱ्या श्रेणीत गेले ते तिथे सलग एकवीस हंगाम राहिले.

मी आलो तो या एकवीस हंगामांच्या शेपटीला. दर वर्षी मार्चपासून हिशेब सुरू, एप्रिलमध्ये थोडी धडपड, कसेबसे वाचायचे. सामन्यानंतर चिप्सच्या दुकानात रांग, रांगेत बचावफळीचा उद्धार, घरी येऊन बायकोचा एकच प्रश्न: “मग जाता कशाला?” हरण्यात एक ठरलेली लय होती. आमच्या चाळीत नाटक पडले तरी पुढच्या गणपतीत तीच मंडळी नवे नाटक बसवायची, तसे. खरे सांगायचे तर ती वर्षे सुखाचीच होती, ते नंतर कळले.

जानेवारी २०१८मध्ये क्लबला नवे मालक आले, आधी खेळाडूंचे एजंट असलेले. चार महिन्यांत टीम चौथ्या श्रेणीत घसरली. त्याचा सगळा दोष नव्या मालकीवर टाकणे अन्यायाचे होईल, घसरण जुनी होती. पण पुढची चार वर्षे मॅनेजरच्या खोलीचे दार नीट लागलेच नाही. वेलन्स गेले, बन गेले. हे फ्रँकी बन म्हणजे १९८९ला लीग कपच्या एका सामन्यात सहा गोल करणारे, गावाचे लाडके. मग वाइल्ड आले आणि त्यांच्यानंतर पॉल स्कोल्स.

स्कोल्सची नेमणूक झाली फेब्रुवारी २०१९मध्ये. युनायटेडचा हा थोर खेळाडू लहानपणापासून ओल्डहॅमचा चाहता. पहिला सामना घरी, ४-१ने विजय, आणि मैदान असे भरलेले की माझ्या शेजारचे आजोबा जिन्यात अडकले. एकतीस दिवसांनी, सात सामन्यांनंतर, त्यांनी राजीनामा दिला. ज्या रीतीने काम करता येईल असे वाटले होते, तसे ते करता येणार नव्हते. पुढे बनिद, मामरिया, हॅरी क्यूएल, कीथ कर्ल. नावे मी पाठ करण्याचे सोडले.

शेजारचा बरी क्लब ऑगस्ट २०१९मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. मैदान जागच्या जागी, गवत वाढत होते, आणि शनिवारी तीन वाजता कुणी नसायचे. ओल्डहॅमच्या प्रत्येक माणसाने ते चित्र मनात ठेवले होते. आमच्याकडे क्लब एकाचा, मैदान दुसऱ्याचे, असा प्रकार होता. भाडेकरूच्या घराला घर म्हणता येत नाही, हे चाळीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

सप्टेंबर २०२१मध्ये तीन चाहत्यांना मैदानावर यायला बंदी झाली. आरोप असा की ते क्लबविषयी नावड पसरवतात. बंदी थोड्याच दिवसांत मागे घेतली गेली, पण मुद्दा लोकांच्या डोक्यात शिरला. चाळीस-चाळीस वर्षे गारठ्यात बसणाऱ्यांना नावड शिकवायची? नावड असती तर ते केव्हाच युनायटेडकडे गेले असते. तिथे निदान छप्पर मोठे आहे.

म्हणून त्या एप्रिलच्या शनिवारी माणसे मैदानात उतरली, तेव्हा मला धक्का बसला नाही. मी उतरलो नाही. परदेशी माणूस, व्हिसाची भीती अंगात मुरलेली, हे एक कारण. दुसरे असे की चालू खेळात शिरू नये, एवढे मला अजून वाटते. पण मी खुर्चीवरून हललोही नाही आणि टाळ्या वाजवल्या. आजोबाही बसून होते. ते म्हणाले, “हे आधीच करायला हवं होतं.” १९८२च्या गिरणी संपात वडील घराबाहेर पडले ते परत त्या खात्यात गेले नाहीत. साच्यांचे पुढे काय झाले, भंगारात गेले की कुठल्या लहान गावी, हे त्यांना कुणी सांगितले नाही. टाळ्या वाजवताना माझ्या डोक्यात ते होते.

घरी जाता जाता फोनवर पाहिले तर सामना पुन्हा सुरू झालेला. आम्ही काही जण परत फिरलो आणि बंद फाटकापाशी थांबलो. पराभव मी पुष्कळ पाहिले, पाच-पाच गोलांचेही. पण घरच्या मैदानावर घरच्यांना वगळून पुरा केलेला पराभव हा एकच. लीगचे नियमाने बरोबर असेल. मला तो मयताला नातेवाइकांना न बोलावण्यासारखा वाटला.

उन्हाळ्यात बातमी आली. फ्रँक रॉथवेल नावाच्या स्थानिक उद्योजकाने आणि त्यांच्या कुटुंबाने क्लब घेतला, मैदानही घेतले. हे गृहस्थ सत्तराव्या वर्षी एकट्याने नाव वल्हवत अटलांटिक महासागर पार करून आलेले, अल्झायमरच्या संशोधनासाठी निधी जमवायला. असा माणूस पाचव्या श्रेणीतला क्लब विकत घेतो यात नवल नव्हते. वल्हवायची सवय होती.

पुढे गंमत झाली. टीम खाली गेली आणि गर्दी वर गेली. नॅशनल लीगमध्ये, जिथे काही विरोधी टीमांबरोबर एक बस भरेल एवढेच लोक येतात, तिथे बाउंड्री पार्कवर रांगा लागू लागल्या. खेळ सुधारला म्हणून नव्हे हं! पहिली दोन्ही वर्षे आम्ही वरच्या सातांतही नव्हतो, आणि चोवीस क्लबांतून वर जातात फक्त दोन. पहिला थेट, आणि दुसऱ्या ते सातव्या क्रमांकांत बाद फेरी होऊन त्यातला एक. घरी हरण्याचे प्रमाणही लाजिरवाणे होते. पण रांगेतल्या शिव्यांचा सूर बदलला होता. आता बचावफळीलाच शिव्या होत्या, जशा असाव्यात तशा.

ऑक्टोबर २०२३मध्ये मिकी मेलन मॅनेजर झाले. २०२४-२५च्या हंगामात पाचवा क्रमांक आला. बाद फेरीत हॅलिफॅक्सला घरी ४-०, यॉर्कला त्यांच्या घरी ३-०, आणि १ जून २०२५ला वेम्बली. समोर साउदेंड, प्रेक्षक बावन्न हजारांच्या वर. पाचव्या श्रेणीचा सामना आहे, हे लंडनच्या टॅक्सीवाल्याला दोनदा सांगावे लागले. नव्वद मिनिटांत १-१. जादा वेळेत आम्ही पुन्हा मागे पडलो आणि मी आजोबांकडे पाहिले. ते बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, १९९४साठी तयार. मग गार्नरने बरोबरी केली आणि हॅरटने तिसरा मारला. ३-२.

मी वडिलांना फोन लावला. ते आता ऐकायला कमी येते म्हणून ओरडून बोलतात. “प्लॅट ब्रदर्स जिंकले का?” मी हो म्हणालो.

टीम आता पुन्हा चौथ्या श्रेणीत आहे, म्हणजे १९९३च्या जागेपासून तीन पायऱ्या खाली. घरी अजूनही हरते. आपल्याकडची मंडळी मँचेस्टरला लेकीसुनांकडे येतात, तेव्हा त्यांना हटकून एका मोठ्या मैदानाची पैसे मोजून फेरी घडवली जाते. रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढून लोक परत जातात. त्याऐवजी एखाद्या शनिवारी ट्रामने ओल्डहॅमला या. सामना तीनला असतो, अडीचला पोचलात तरी चालेल. माकडटोपी आणा, वाऱ्याबद्दल मी वर लिहिले आहे ते खरे आहे. आणि हरलो तर चिप्सच्या रांगेत थांबा.