कंपनीच्या माहिती-भांडाराची नित्य देखभाल : मराठवाड्यातील बँक-विलीनीकरणांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
तीर्थपुरी (ता. घनसावंगी, जि. जालना) परिसरातील एखादा शेतकरी पीककर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा त्याची पत केवळ शाखाधिकाऱ्याच्या ओळखीवर ठरत नाही. त्याने मागील काही वर्षांत परतफेड कशी केली, याची संगणकात साठविलेली माहितीही त्या निर्णयात महत्त्वाची ठरते. अशी दीर्घकालीन माहिती एकत्र ठेवणाऱ्या व्यवस्थेस ‘डेटा वेअरहाऊस’ अर्थात माहिती-भांडार असे म्हणतात. भांडार उभारण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. उभारल्यानंतर ते विश्वासार्ह कसे राखावे, याची चर्चा मात्र कमी होते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकल्पना :
बिल इनमन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात माहिती-भांडाराची चार लक्षणे सांगितली. ते विषयनिष्ठ, एकात्म, कालसापेक्ष व स्थिर असते. बँकेची दैनंदिन प्रणाली ‘आज खात्यात किती शिल्लक आहे’ हे सांगते, तर ‘गेल्या दहा वर्षांत थकबाकी कशी बदलत गेली’ या प्रश्नाचे उत्तर भांडाराने द्यावयाचे असते. म्हणजेच काळ हा भांडाराचा प्राण होय.

देखभालीचे स्वरूप :
नित्य देखभालीत पुढील कामांचा समावेश होतो.
१) भरणा : मूळ प्रणालींतील नोंदी सामान्यतः रात्री भांडारात आणल्या जातात. हे काम अर्ध्यावर थांबल्यास ते कोठून पुन्हा सुरू करावयाचे, हे आधी ठरलेले असावे. अन्यथा एकच नोंद दोनदा चढते.
२) मेळ : समजा, मूळ प्रणालीतून १,००० नोंदी निघाल्या व भांडारात ९९७ पोहोचल्या, तर उरलेल्या तीन नोंदींचा हिशेब लागलाच पाहिजे. संख्येबरोबर रकमेचाही मेळ घालणे आवश्यक असते.
३) सुरक्षा व प्रत : राखीव प्रत घेणे पुरेसे नाही. ती परत उतरवून पाहिल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे अधिकार वेळीच काढून घेणे, हेही याच कामात मोडते.
४) साहाय्य : अहवाल वापरणाऱ्यांच्या तक्रारी नोंदवून त्यांचे कारण शोधणे. एकच तक्रार वारंवार येत असेल, तर दोष अहवालात नसून मुळात आहे, असे समजावे.

मूक दोष :
वरील कामांतील बिघाड सहसा लक्षात येतो. खरा धोका जो बिघाड दिसत नाही त्यात असतो. भरणा पूर्ण होतो, मेळ जुळतो, अहवालही वेळेवर निघतो. परंतु आकड्याचा अर्थ बदललेला असतो. मराठवाड्यातील बँकांच्या इतिहासावरून हा मुद्दा स्पष्ट होतो.

हैदराबाद संस्थानात स्थापन झालेली व मराठवाड्यात सर्वत्र परिचित असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पुढे ‘एसबीएचवाय’ या अक्षरांनी आरंभ होणारे तिच्या शाखांचे संकेतांक जाऊन ‘एसबीआयएन’ने आरंभ होणारे संकेतांक आले. अशा प्रसंगी जुना संकेतांक पुसून नवा लिहिला, तर २०१७ पूर्वीची शाखाही प्रथमपासून भारतीय स्टेट बँकेचीच होती, असे भांडार सांगू लागते. उलट, जुन्या व नव्या संकेतांकांचा संबंध जोडलाच नाही, तर दहा वर्षे नियमित परतफेड करणारा शेतकरी नवखा कर्जदार ठरतो. दोन्ही प्रसंगी संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक व विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण झाले आणि नव्या बँकेचे नावही ‘महाराष्ट्र ग्रामीण बँक’ असेच राहिले. नाव तेच असले तरी त्याची व्याप्ती वेगळी आहे. केवळ नावावरून दोन वर्षांची तुलना करणाऱ्यास ठेवींत मोठी वाढ झाल्याचा भास होईल. प्रत्यक्षात ती वाढ विलीनीकरणाची असेल.

ही अडचण संगणकयुगातीलच आहे असे नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. हे लक्षात न घेता १९७१ व १९९१ च्या जनगणनांतील औरंगाबाद जिल्ह्याची तुलना करणारा अभ्यासक असाच चुकीच्या निष्कर्षावर पोहोचेल.

उपाय :
राल्फ किंबॉल यांनी रूढ केलेल्या पद्धतीत असा बदल झाल्यावर जुनी ओळ पुसली जात नाही. तिला समाप्तीची तारीख देऊन नव्या तपशिलाची स्वतंत्र ओळ जोडतात आणि दोन्ही ओळींना एक कायम ओळख-क्रमांक बांधून ठेवतो. त्यामुळे ‘तेव्हा काय होते’ व ‘आता काय आहे’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. मात्र प्रत्येक बदल असा जपण्याची गरज नसते. नावातील लेखनदोष सरळ दुरुस्त करावा. शाखा, जिल्हा वा मालकी यांतील बदल मात्र तारखेसह जपावा. कोणता बदल कोणत्या प्रकारचा, हे यंत्र ठरवू शकत नाही. त्यासाठी व्यवसाय जाणणारा अधिकारी व संगणक जाणणारा तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा आणि तो कारणासह लिहून ठेवावा. असे टिपण नसेल, तर तंत्रज्ञ नोकरी सोडून जाताना भांडाराचा अर्थही सोबत घेऊन जातो.

समारोप :
सारांश, माहिती-भांडाराची देखभाल म्हणजे केवळ यंत्राची निगा नव्हे. ती अर्थाची निगा होय. भांडार उभारण्याचा खर्च एकदा होतो, परंतु देखभालीचा खर्च ते वापरात असेपर्यंत चालूच राहतो. म्हणून अंदाजपत्रकात त्यासाठी आरंभापासूनच मनुष्यबळ व निधी यांची तरतूद असावी. महाविद्यालयांतील विद्यार्थी-नोंदींनाही हेच तत्त्व लागू पडते. १९९४ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला, म्हणून त्यापूर्वीच्या पदवीधराच्या नोंदीतील तत्कालीन नाव पुसून चालत नाही. बदल स्वीकारावा, परंतु त्याची तारीख हरवू देऊ नये, एवढे भान राखले तरच शेतकऱ्याची पत आणि संशोधकाचा निष्कर्ष सुरक्षित राहील.