मोठे फ्यूज काढण्याचे योग्य साधन कोणते?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावी आणि शिवारात विजेची रोहित्रे उभी आहेत. आपण त्यांना 'डीपी' म्हणतो. ऐन पाणी देण्याच्या वेळी फ्यूज उडाला की कोणीतरी पक्कड घेऊन डीपीकडे निघतो. कोणी वाळलेली काठी घेतो, तर कोणी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळतो. वर्षानुवर्षे चालत आले म्हणून हे सुरक्षित आहे, असा समज रूढ झाला आहे. आपल्या सभासदांची अनेक मुले आयटीआयमध्ये तारतंत्री व वीजतंत्री या व्यवसायांचे शिक्षण घेतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेतकरी पालकांसाठी ही माहिती देत आहोत.

घरातला किटकॅट सर्वांच्या परिचयाचा आहे. चिनी मातीचा तो वरचा भाग हीच त्याची मूठ असते. कारखाना, पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याचे पंपघर अशा ठिकाणी मात्र एचआरसी फ्यूज असतात. चिनी मातीचे बंद कवच, आत चांदीची किंवा तांब्याची बारीक पट्टी आणि सभोवती गच्च भरलेली वाळू, अशी त्याची रचना असते. शॉर्टसर्किट झाले की पट्टी वितळते व ठिणगी वाळूतच विझते. असा फ्यूज साधारणपणे ८० हजार अँपिअरपर्यंतचा दोषप्रवाह तोडू शकतो. पण त्याला मूठ नसते आणि खरी अडचण येथेच आहे.

ज्या एचआरसी फ्यूजच्या दोन्ही टोकांना सुरीच्या पात्यासारखी पट्टी असते, तो स्प्रिंगच्या चिमट्यात घट्ट बसलेला असतो. त्याच्या अंगावर वर आणि खाली धातूचे लहान कान असतात. फ्यूज पुलर, म्हणजे फ्यूज काढण्याचे इन्सुलेटेड हँडल, याच कानांत अडकते. खटका बसला की सरळ स्वतःकडे ओढावयाचे. काही हँडलला मनगट झाकणारे जाड आवरण असते, ते असलेलेच घ्यावे. पक्कड चिनी मातीवरून घसरते आणि शेजारच्या फेजला टेकली तर डोळ्यांसमोर स्फोट होतो. काठीत ओल असते, ती दिसत नाही.

नट-बोल्टने आवळलेल्या फ्यूजला मात्र हे हँडल चालत नाही. तेथे मेन स्विच बंद करून, टेस्टरवर न विसंबता मीटरने तिन्ही फेज तपासून, मगच पान्हा लावावा. काही पॅनेलमध्ये फ्यूज बेकेलाइटच्या कॅरिअरमध्ये बसवलेला असतो, तो कॅरिअरसकट निघतो. लहान नळीसारख्या फ्यूजसाठी प्लास्टिकचा वेगळा चिमटा मिळतो. तो मोठ्या फ्यूजवर वापरू नये.

योग्य हँडल हाती असले तरी चालू भारावर फ्यूज ओढू नये. १०० केव्हीएच्या रोहित्रावर पूर्ण भार असेल तर ४३३ व्होल्टच्या बाजूला प्रत्येक फेजमधून सुमारे १३३ अँपिअर वाहतात. तो प्रवाह उघड्यावर तुटला की होणारी ज्वाला चेहरा आणि हात भाजते. अर्धवट ओढून थांबणे तर सर्वांत वाईट. आणि शिवारात भार बंद आहे असे समजावे कसे? कितीतरी मोटारींना ऑटोस्विच असतो. वीज आली की साऱ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून फ्यूज बसवणे हे काढण्यापेक्षाही धोक्याचे ठरते.

दुसरी गोष्ट पुष्कळ जाणत्यांनाही ठाऊक नसते. तीनपैकी एक फ्यूज काढला म्हणजे ती फेज मेली असे नव्हे. जोडलेल्या मोटारीच्या गुंडाळीतून उरलेल्या दोन फेजची वीज त्या तारेवर उलटी येते. जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल तरीही हेच घडते.

डीपीच्या वरच्या अंगाला ११ हजार व्होल्टचे डीओ फ्यूज असतात. वर सांगितलेली हँडले १००० व्होल्टपर्यंतच्या कामाची, तेथे ती जवळही नेऊ नयेत. त्यासाठी लांब, तपासून घेतलेला इन्सुलेटेड रॉड लागतो आणि ते काम लाइन कर्मचाऱ्यांचेच. खरे पाहता संपूर्ण डीपी त्यांच्याच अखत्यारीत येते. वीज मंडळाचे २००५ साली विभाजन झाल्यापासून ही जबाबदारी महावितरणकडे आहे आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. माणूस येण्यास उशीर होतो हे खरे, पण उशिराची तक्रार करण्यास माणूस जिवंत असावा लागतो.

जे विद्यार्थी पुढे कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे काम करतील, त्यांनी हँडल हाती घेण्याआधी ते पुसून पाहावे. तडा, तेलकटपणा किंवा सैल खटका आढळल्यास ते बाजूला ठेवावे. हँडलवर १००० व्होल्टची नोंद हवी. उभे राहण्यास रबरी मॅट, डोळ्यांवर चष्मा, चेहरा फ्यूजच्या समोर न ठेवता बाजूला. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा व त्याच मापाचा फ्यूज बसवावा. एचआरसीच्या कवचावरून तार गुंडाळून काम भागवण्याची रीत काही ठिकाणी दिसते. त्या तारेभोवती ठिणगी विझवणारी वाळू नसते.