पाय उचलला, तरी रेस उतरत नाही?

वडखळ नाका. रविवारची संध्याकाळ. अलिबागहून परतणाऱ्या गाड्यांची रांग तुम्हाला काही नवीन नाही. त्या रांगेत तुम्ही एक जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार चालवताय असं समजा. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी आरपीएमचा काटा १,९०० वर. इंजिन नुसतं ओरडतंय. शेजारचा बाइकवाला वळून बघतो. त्याला वाटतं, तुम्ही शायनिंग मारताय!

माझ्या मावसभावाचं गेल्या दिवाळीत अगदी हेच झालं. दादाच्या काकांची गाडी बरीच वर्षं चौलच्या वाडीत पत्र्याच्या शेडखाली उभी होती. दादाने ती हौसेने चालू केली. रेस उतरेना म्हणून एका गॅरेजमध्ये नेली. तिथे आयडलचा स्क्रू फिरवून दिला, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्यानंतर एकदा बाजारात त्याने क्लच थोडा सोडला आणि गाडीने अशी उडी मारली, की समोरची स्कूटर वीतभर अंतराने वाचली. तेव्हा कळलं, हा फक्त आवाजाचा प्रश्न नाही. रेस चढलेली गाडी तुम्ही न सांगताच पुढे ढकलत राहते. पेट्रोल जातं, क्लच झिजतो, ते वेगळंच.

जुन्या स्पोर्ट्स कारचा आणखी एक वांधा म्हणजे पार्ट्स. गोव्यात वेर्ण्याला १९९८ पासून बनलेली सॅन स्टॉर्म आठवून बघा. फायबरची बॉडी, दोन सीट, उघडणारं छत आणि रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन. अशा गाड्या मोजक्याच बनल्या. त्यांचा पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. म्हणून ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’ हा खेळ इथे परवडत नाही. आधी शोधायचं, मग बदलायचं.

शोधायचं काय? पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. तुम्ही पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो आणि एका बारीक वाटेने मोजकीच हवा आत जाते. गरम झालेलं इंजिन त्यावर साधारण ७५० ते ९०० आरपीएमवर फिरतं. सकाळी थंड असताना ते १,२०० ते १,५०० वर असेल तर घाबरू नका, तसंच असायला हवं. एसी लावल्यावर थोडं वाढलं तरी ठीक. पण इंजिन गरम होऊनही रेस उतरत नसेल, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर हवा चोरवाटेने आत शिरतेय, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीयूचा, गैरसमज झालाय.

आधी चोरवाट शोधा. यातलं बरंचसं फुकटात होतं.

पहिली गोष्ट, इंजिन बंद असताना पेडल बघा. खाली मॅट अडकलीय का? मग बॉनेट उघडा. अ‍ॅक्सिलरेटरची केबल थोडी सैल हवी आणि थ्रॉटल हाताने फिरवून सोडला की ‘टक्’ करून जागेवर बसायला हवा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत केबल गंजते आणि अर्ध्यावर अडकते. गाडी कार्ब्युरेटरची असेल तर चोक पूर्ण परत गेलाय का तेही बघा.

दुसरी गोष्ट, रबरी होज. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते तडकतात, उंदीर कुरतडतात. इंजिन चालू करून ‘स्स्स’ आवाज येतो का ऐका. एकेक व्हॅक्यूम होज पकडीत कापड धरून हलकेच दाबा. दाबल्यावर रेस उतरली, तर चोर त्याच वाटेवर. जोडांवर साबणाचं पाणी मारूनही कळतं, तिथे इंजिनाचा आवाज बदलतो. मात्र प्लगच्या वायरींवर पाणी नको, आणि पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनावर कधीच नको.

ब्रेक बूस्टरचा होज विसरू नका. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.

तिसरी गोष्ट, आयडल व्हॉल्व्ह. त्याच्याकडे जाणारा हवेचा होज असेल तर तोही दाबून बघा. रेस उतरली, म्हणजे हवा तिथूनच येतेय. पण थांबा! व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल, किंवा ईसीयूच त्याला उघडा राहायला सांगत असेल.

दादाच्या गाडीत होज दाबल्यावर रेस उतरली. तो लगेच कुर्ल्यातून सेकंडहँड व्हॉल्व्ह आणायला निघाला होता. अर्धा पगार गेला असता. पण रेवदंड्याच्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी विचारलं, “पेट्रोलचा वास येतो का रे? अ‍ॅव्हरेज पडलंय?” दोन्हींचं उत्तर हो. काकांनी प्लग काढला, तो काळाकुट्ट. “इंजिनाला वाटतंय थंडी वाजतेय. म्हणून जास्त पितंय आणि जास्त पळतंय.”

“पण टेंपरेचरचा काटा बरोबर आहे की,” दादा म्हणाला.

इथेच बरेच जण फसतात. अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. काट्याला खरं कळतं, ईसीयूला नाही. मग ईसीयू थंड इंजिनासारखी हवा आणि पेट्रोल देत राहतो. कूलंट कमी असेल, त्यात हवा अडकली असेल किंवा कोणीतरी ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला असेल, तरीही असा गोंधळ होऊ शकतो. कूलंट बघा, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

काकांनी मल्टिमीटर लावला. असे सेन्सर बहुधा २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम दाखवतात आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. दादाच्या सेन्सरचं माप बरोबर आलं. मग त्याचा प्लग उपसून पाहिला, तर पिनांवर हिरवा थर. समुद्राच्या हवेचं काम! क्लीनर, जुना टूथब्रश आणि दहा मिनिटं, बस्स.

गाडी चालू केली. रेस उतरली, उतरली... आणि इंजिन बंदच पडलं. कारण गॅरेजमध्ये तो स्क्रू घट्ट केलेला. एक दोष झाकायला दुसरा केला होता. स्क्रू पूर्वीच्या जागी आणला आणि काटा ८५० वर थांबला.

तर तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराने जीव जाऊ शकतो. ओढणी, मोकळे केस, गळ्यातलं आयकार्ड पंख्यापासून लांब ठेवा. आणि मेकॅनिक ‘हा पार्ट बदलावा लागेल’ म्हणाला, तर एवढंच विचारा, “तोच खराब आहे हे कसं कळलं?”