विश्लेषण : घोड्याची पोटदुखी जिवावर का बेतते? मालकाने निर्णय कधी आणि कसा घ्यावा?

पनवेल परिसरात लग्नाच्या वरातीचे घोडे आहेत, फार्महाऊसवर हौसेने पाळलेले घोडे आहेत. तालुक्यातील धोदाणी गावाच्या माथ्यावर, डोंगरावरच्या माथेरानमध्ये तर शेकडो कुटुंबांचे पोट घोड्यावरच चालते. या सगळ्यांना धास्ती असते ती घोड्याच्या पोटदुखीची. पशुवैद्यक तिला कॉलिक किंवा पोटशूळ म्हणतात. सकाळी चारा खाणारा घोडा संध्याकाळी जमिनीवर लोळू लागतो आणि पुढच्या काही तासांत उपचार, शस्त्रक्रिया की दयामरण, असा निर्णय मालकासमोर उभा राहतो.

कॉलिक म्हणजे नेमके काय?

कॉलिक हा एक आजार नसून पोटातील वेदनेचे लक्षण आहे. आतड्यात वायू धरणे, सुका चारा अडकून गोळा होणे, चाऱ्याबरोबर वाळू-माती पोटात साचणे, जंत होणे अशी त्याची अनेक कारणे असतात. सर्वात घातक प्रकार म्हणजे आतड्याला पीळ पडणे. त्यात आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग काही तासांत मृत होऊ लागतो आणि विष रक्तात भिनते. बहुतांश घोडे औषधोपचाराने बरे होतात. मात्र सुरुवातीला साधी आणि घातक पोटदुखी सारखीच दिसते.

घोड्यालाच हा त्रास इतका का होतो?

घोड्याच्या शरीररचनेत याचे उत्तर आहे. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते. दिवसभर थोडे थोडे चरण्यासाठी ते बनले आहे. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे जठरात वायू किंवा द्रव साचला तर वर येण्याचा मार्ग नसतो आणि जठर फुटण्याचा धोका निर्माण होतो. लहान आतडे २० मीटरच्या आसपास लांब असते. मोठे आतडे पोटात बरेचसे मोकळे असल्याने ते जागचे सरकू शकते. त्याला एके ठिकाणी घाटातल्यासारखे तीव्र वळण असून तिथेच ते अरुंद होते. चारा अडकण्याची ही नेहमीची जागा.

लक्षणे कोणती?

घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वारंवार मान वळवून कुशीकडे पाहतो, वरचा ओठ मुडपतो, पोटावर लाथ मारतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो. चारा सोडतो, लीद कमी होते किंवा थांबते. वेदना वाढली की घाम फुटतो आणि तो जोरात लोळू लागतो.

मालकाने तीन गोष्टी मोजायला शिकाव्यात. पहिली, हृदयाचे ठोके. डाव्या कोपरामागे हात किंवा स्टेथोस्कोप ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके सामान्य असतात. ६० च्या वर गेले तर प्रकरण गंभीर आहे, ८० च्या वर अतिगंभीर. दुसरी, हिरड्या. त्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. विटकरी किंवा जांभळट हिरडी धोक्याची. तिसरी, शेवटची लीद कधी पडली याची वेळ.

अचानक शांत झालेला घोडा बरा झाला असे गृहीत धरू नये. घोडा मलूल, हिरड्या काळपट आणि ठोके वाढलेले असतील, तर आतडे फुटले असण्याची शक्यता असते.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे, काय टाळावे?

समोरचा चारा-खुराक लगेच काढून घ्यावा. पशुवैद्यकाला फोन करून ठोके, हिरड्यांचा रंग आणि लिदीची वेळ सांगावी. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. घोडा शांत उभा किंवा बसलेला असेल तर त्याला तसाच राहू द्यावा. लोळू लागला तर दहा-दहा मिनिटे हळू चालवावे, पण तासन् तास फिरवून दमवू नये. अंगावर कोसळण्याचा धोका असेल तर माणसाने आधी बाजूला व्हावे.

तेल, काढा, सोडा किंवा ताक नळकांड्याने अथवा बाटलीने तोंडात ओतू नये. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊन घोडा दगावतो. घरात उरलेले वेदनाशामक इंजेक्शनही परस्पर देऊ नये. वेदना तेवढ्यापुरती झाकली जाते, पीळ तसाच राहतो आणि मोलाचे तास निघून जातात.

डॉक्टर काय तपासतात?

नाकातून जठरापर्यंत नळी घालून साचलेला द्रव काढतात. उलटी न होणाऱ्या प्राण्यासाठी हीच नळी जीव वाचवणारी ठरते. गुदमार्गातून हात घालून आतडे फुगले आहे का, सरकले आहे का हे पाहतात. गरजेनुसार पोटातील पाणी सुईने काढतात. ते फिकट पिवळे असेल तर दिलासा, लालसर असेल तर आतडे मरू लागल्याची शंका. चारा अडकला असेल तर सलाइन आणि नळीवाटे द्रव, लिक्विड पॅराफिन किंवा मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते.

शस्त्रक्रियेचा निर्णय कधी?

वेदनाशामक देऊनही वेदना परतणे, ठोके वाढत जाणे, नळीतून सतत द्रव येणे, पोटातील पाणी लालसर होणे ही शस्त्रक्रियेकडे नेणारी चिन्हे. त्यासाठी घोड्याला पूर्ण भूल देऊन पोट उघडावे लागते आणि ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. पनवेलच्या मालकाला मुंबई किंवा पुण्याची वाट धरावी लागते. म्हणून घोड्यांची पोटाची शस्त्रक्रिया कुठे होते, रात्री तज्ज्ञ असतात का, आधी किती रक्कम भरावी लागते, हे घोडा धडधाकट असतानाच विचारून ठेवावे. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तेव्हा तिथे घोड्याला ट्रकपर्यंत चालवत न्यावे लागणार, हेही वेळेच्या हिशेबात धरावे.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे महिनाभर बंदिस्त विश्रांती आणि कामावर परतायला कित्येक महिने लागतात. एकाच घोड्यावर घर चालवणाऱ्या अश्वपालासाठी बिलाइतकाच हा बुडालेला हंगामही मोठा असतो. डॉक्टरांना थेट विचारावे : वाचण्याची शक्यता किती? वाचला तर काम करू शकेल का? आणखी किती वेळ थांबता येईल?

दयामरणाचा विचार कधी करावा?

पीळ पडला आहे, शस्त्रक्रिया शक्य किंवा परवडणारी नाही आणि औषधाने वेदना थांबत नाही, अशा वेळी वाट पाहणे म्हणजे घोड्याच्या यातना लांबवणे. ऐपत नाही म्हणून शस्त्रक्रिया नाकारणारा मालक निर्दयी ठरत नाही. उपचारही नाही आणि सुटकाही नाही, अशा अवस्थेत जनावर सोडणे ही क्रूरता आहे. दयामरण पशुवैद्यकाकडूनच, औषधाच्या इंजेक्शनने व्हावे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम १३ मध्ये याची तरतूद आहे. मालक हजर नसेल किंवा संमती नाकारत असेल, तर कॉन्स्टेबलपेक्षा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावू शकतो. जनावर जिवंत ठेवणे क्रूरतेचे असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याला मरण देता येते. विमा असेल तर शक्यतो आधी कंपनीला कळवावे आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा.

मृतदेह उघड्यावर टाकू नये, खोल पुरावा. इंजेक्शनचे औषध मांसात राहते आणि ते खाणारी कुत्री, गिधाडे मरू शकतात. गिधाडांच्या जिवावर उठलेल्या डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांचे संवर्धन सुरू असताना ही काळजी अधिकच गरजेची.

टाळता येते का?

प्रत्येक वेळी नाही, पण धोका कमी करता येतो. रोजच्या आहारात सुका चारा शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का असावा. म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार किलो. चणे-कोंडा एकदम न देता विभागून द्यावा. खुराक बदलायचा असेल तर सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावा. पावसाळ्यात कोवळ्या गवतावर एकदम सोडू नये, बुरशी लागलेला कडबा देऊ नये. चारा वाळूवर न टाकता गव्हाणीत द्यावा. पाणी कायम समोर हवे. वरातीत तासन् तास उभ्या राहणाऱ्या घोड्यालाही मधून मधून पाणी पाजावे आणि पाहुण्यांना लाडू-पेढे भरवू देऊ नयेत. सारंगखेड्याच्या बाजारातून ट्रकने आणलेल्या नव्या घोड्याला पहिले काही दिवस जुनाच चारा द्यावा. दात आणि जंतांची तपासणी नियमित करावी.

एक कागद पागेत चिकटवून ठेवावा : डॉक्टरांचे दोन क्रमांक, ट्रकवाल्याचा क्रमांक, निरोगी घोड्याचे नेहमीचे ठोके, खर्चाची मर्यादा आणि मालक गावाला गेला असेल तर निर्णय कोण घेणार त्याचे नाव. रात्री दोन वाजता घोडा लोळू लागला, तर मोतद्दाराला कुणाच्या तरी परवानगीची वाट पाहत बसावे लागणार नाही.